टोपली पाठवली, बिलात वाख लिहिला



गेल्या वर्षी पोळा झाल्यानंतरची गोष्ट. आपल्या एका गटातल्या पाच जणींनी केळीच्या वाखाच्या टोपल्या केल्या होत्या. वाख जळगावकडून मागवलेला. त्याची तीन पदरी वेणी घालायची, ती वेणी गोल गोल फिरवत शिवत न्यायची, वरच्या काठाला रंगीत दोरा. मुंबईच्या एका दुकानाने चाळीस नग घेतले. माल वेळेवर गेला. बिल महासंघाच्या नावाने निघतं, ते मी केलं. त्यात एक रकाना होता, "एचएसएन". मी मोबाइलवर "केळीचा धागा" असं टाकून शोधलं, ५३०५ असा आकडा आला, तो लिहिला आणि मोकळी झाले.

माल पोचला, पैसे काही येईनात. दुकानाच्या हिशेबनिसाने कळवलं, "बिलात कच्चा तंतू लिहिलाय, खोक्यात टोपल्या निघाल्या. असं बिल आम्हाला वहीत घेता येत नाही." मग जुनं बिल रद्द करण्याची क्रेडिट नोट, नवं बिल, त्यांची मंजुरी, मध्ये दिवाळी. साडेअठरा हजार रुपये यायला अडीच महिने लागले. तोपर्यंत बँकेचा हप्ता गटाने अंतर्गत बचतीतून भरला, आणि एका ताईंनी मुलीच्या वसतिगृहाची फी पुढे ढकलली. चूक पूर्ण माझी होती. समाजकार्याच्या पदवीत हे कोणी शिकवलं नव्हतं, पण ती काही सबब नाही. विचारायला हवं होतं.

गटाच्या सचिव ताई मला एकच वाक्य बोलल्या. "आपण टोपली पाठवली ना? मग बिलात वाख कशाला लिहिला?"

आजचा पाठ या प्रश्नावरच आहे.

हा आकडा येतो कुठून

सातबाऱ्यावर गट नंबर असतो ना, तसा हा वस्तूचा गट नंबर समजा. गावात एकाच नावाची तीन माणसं असतात, पण जमिनीचा गट नंबर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बेल्जियम देशातल्या ब्रुसेल्स शहरात जागतिक सीमाशुल्क संघटना आहे. बंदरावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला सगळ्या देशांनी एकाच आकड्याने ओळखावं म्हणून तिने एक यादी केली. ती १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे, आणि आज दोनशेहून जास्त देश आणि प्रदेश ती वापरतात. पहिले सहा आकडे जगभर सारखे. पुढचे दोन प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो. आपल्याकडे सीमाशुल्काच्या दरांचा कायदा १९७५ चा आहे, त्याच्या परिशिष्टात आठ आकडी यादी आहे.

पूर्वी हा आकडा बंदरातल्या लोकांचा आणि कारखानदारांचा विषय होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्याने हीच यादी उचलली. म्हणून न्हावा शेवा बंदरावरचा आकडा आज देवळ्याच्या बिलात येऊन बसला आहे.

तो वाचायचा कसा, ते एका उदाहरणाने बघू. तागाच्या कापडाची हातात धरायची पिशवी घ्या. तिचा नंबर ४२०२ २२ ३०. यातले ४२ म्हणजे प्रकरण, जसा जिल्हा. ४२०२ म्हणजे बॅगा, पेट्या, पाकिटं, हा तालुका. २२ म्हणजे ज्या हातपिशवीचा बाहेरचा भाग कापडाचा किंवा प्लॅस्टिकच्या पत्र्याचा आहे ती, हे गाव. आणि शेवटचे ३० म्हणजे तागाची, हे घर. सुती असती तर शेवटी २० आले असते. एवढं कळलं की अर्धी भीती जाते. बाकी यादी पाठ करायची गरज नाही, मीही केलेली नाही.

एकाच झाडाचे वेगवेगळे नंबर

आपण वस्तू झाडाच्या नावाने ओळखतो. केळीचं, अंबाडीचं, नारळाचं. ही यादी तसं करत नाही. ती विचारते, झाडाचा कोणता भाग आहे? आणि त्यावर किती काम झालंय?

जवस घ्या. आपल्या घरी जवसाची चटणी होते, ते बी प्रकरण १२ मध्ये, तेलबियांत. त्याच जातीच्या झाडाच्या खोडाच्या सालीतून तंतू काढला की तो ५३०१. त्याचं विणलेलं कापड ५३०९. दुकानात "लिनन" म्हणून जो महाग सदरा टांगलेला असतो, त्याचं मूळ जवसात आहे, हे मला स्वतःला पंचविसाव्या वर्षी कळलं. आपल्याकडचं जवस मात्र बियासाठी लावलेलं, बुटकं आणि फांद्या फुटणारं. तंतूसाठीचं वाण उंच, सरळ असतं. तेव्हा चटणीचं जवस कापून लिनन करायला बसू नका.

अंबाडीचंही तसंच. पाला भाजीला, आणि खोडाच्या पेंढ्या पाण्यात सडवून वाख काढला तर तो ५३०३. आजी लोकांना हे काम आठवत असेल. पेंढ्या दगडाखाली बुडवून ठेवायच्या, कुजल्या की साल सोलून धुवायची, आणि तो वास आठवडाभर हातांना.

आता तंतूंची मांडणी सांगते. कापूस हा बियाभोवतीचा केस, त्याला स्वतःचं वेगळं घर आहे, प्रकरण ५२. सरकी काढलेली रुई ५२०१, पिंजून तंतू सरळ केलेली ५२०३. बाकी सगळे वनस्पतींचे तंतू प्रकरण ५३ मध्ये. त्यात खोडाच्या सालीतून निघणारे एका बाजूला: जवस ५३०१, खरा हेंप म्हणजे भांगेच्या जातीचं झाड ५३०२, ताग, अंबाडी आणि त्यांच्यासारखे ५३०३. पानातून आणि फळातून निघणारे तंतू, आणि जे दुसरीकडे कुठेच बसत नाहीत ते, ५३०५ मध्ये. नारळाचा काथ्या तिथे, घायपाताचा वाख तिथे, आणि आपली केळी पण तिथेच. केळीचं खोड हे खरं खोड नसतंच, एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ असतात. ५३०५ च्या मथळ्यात फिलिपाइन्सच्या अबाका या झाडाचं नाव छापलेलं आहे. ती केळीची सख्खी बहीणच, तिला "मनिला हेंप" म्हणतात. आपली खायची केळी त्याच ओळीच्या शेवटी "इतर वनस्पती तंतू" मध्ये जाते.

हुशार वाचक विचारतील की ५३०१, २, ३ आणि मग एकदम ५ कसं? ५३०४ पूर्वी होता. तो घायपाताच्या कुळातल्या सिसालचा होता. २००७ च्या यादीत तो काढून ५३०५ मध्ये मिसळला. जुन्या बिलबुकात किंवा कुणाच्या जुन्या टिपणात ५३०४ दिसला तर तो आता वापरू नका.

ताग कोणता, हेंप कोणता

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्या कसमादे पट्ट्यात हा घोळ हमखास होतो. "ताग" म्हटलं की शेतकरी बाईच्या डोळ्यापुढे हिरवळीचं खत येतं. पेरायचा, फुलावर आला की गाडायचा. त्याला बोरू पण म्हणतात. पोत्याचा ताग वेगळा, तो बंगालकडे पाण्याच्या रानात होतो. झाडं वेगळी, कुळं वेगळी. गंमत अशी की दोन्ही खोडाच्या सालीचे तंतू असल्यामुळे या यादीत दोघं एकाच तालुक्यात येतात, ५३०३ मध्ये. पण आतलं घर वेगळं आहे, कारण पोत्याच्या तागाला स्वतंत्र ओळी आहेत. तेव्हा निर्यातीच्या कागदावर नुसतं "ताग" लिहून चालत नाही.

इंग्रजीत तर आणखी गोंधळ. बोरूला ते लोक "सन हेंप" म्हणतात, अंबाडीला "अंबारी हेंप", घायपाताला "सिसाल हेंप", अबाकाला "मनिला हेंप". नावात हेंप सगळ्यांच्या, पण ५३०२ मध्ये बसतं एकच झाड, भांगेचं. आणि ते झाड आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. म्हणजे कुणी ताईंनी घायपाताच्या दोरीवर, इंग्रजी शब्द भारी दिसतो म्हणून, "हेंप रोप" असं लेबल लावलं, तर आकडाही चुकला आणि नको ती चौकशीही मागे लागू शकते. लेबलवर "घायपात" लिहा. इंग्रजीत हवं तर "सिसाल" लिहा.

घायपाताचा विषय निघालाच आहे तर एक बोलते. देवळा, सटाणा, कळवण, कुठेही जा, जुन्या बांधाला घायपात दिसेल. बांध धरून ठेवायला आणि गुरं आत येऊ नयेत म्हणून लावलेला. त्याचा वाख काढून दोरखंड, कासरे, दावी, शिंकी वळण्याचं काम मातंग समाजातल्या कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या केलं. पोळ्याला बैलाला नवं दावं यायचं ते त्यांच्याकडून. नायलॉन आलं आणि हा बाजार गेला. आता शहरातली दुकानं "नैसर्गिक दोर" म्हणून तेच शोधतात आणि चांगला भाव देतात, पण वळणारे हात म्हातारे झालेत. आपल्या गटांत या घरांतल्या मावशी आहेत. त्यांच्याकडून शिकून घेताना शिकवण्याची मजुरी द्या, फुकट शिकू नका. हे पाठाबाहेरचं झालं, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

वाख, सूत, दोरी, टोपली

आता सचिव ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. तंतूवर जसजसं काम होतं तसतसा नंबर पुढे सरकतो. केळीचा वाख नुसता काढला, धुतला, वाळवला, विंचरला: ५३०५. त्याचं सूत कातलं: ५३०८. त्या सुताचं कापड विणलं: ५३११. तागासाठी हेच आकडे ५३०३, ५३०७, ५३१०. आणि वळून दोरी केली की प्रकरणच बदलतं. दोरी, दोरखंड, सुतळी ५६०७.

सूत कुठे संपतं आणि दोरी कुठे सुरू होते? यादीत त्यालाही माप दिलंय. कागदावर ते अवघड नावाच्या एककात आहे, पण मी हिशेब करून बघितला, तो अगदी घरगुती निघतो. ताग, घायपात, केळी यांच्या धाग्याचं वजन मीटरला दोन ग्रॅमपेक्षा जास्त भरलं तर ती दोरी, ५६०७. त्याहून हलका असेल तर सूत. काथ्याला वेगळा नियम: तीन किंवा जास्त पदर असले की दोरी, वजन काही असो. एक मीटर तोलायला किराणा दुकानाच्या काट्यावर पंचाईत होते, म्हणून दहा मीटर मोजा. वीस ग्रॅमच्या वर गेलं की दोरी.

मग टोपली? इथेच माझी चूक झाली होती. आपल्या ताईंनी सूत कातलंच नव्हतं. वाख जसा आला तसा घेऊन वेणी घातली. असं न कातलेल्या तंतूचं, पानांचं, बांबूच्या कामट्यांचं, गवताचं विणकाम कापडात धरत नाहीत. त्याला प्रकरण ४६ आहे. नुसती वेणी किंवा चटई ४६०१, आणि आकार दिलेली टोपली, परडी, डबा ४६०२. बांबूची दुरडी पण ४६०२. वाळलेल्या गिलक्याची अंग घासायची वस्तू करून विकली तर तीही ४६०२ मध्येच, गिलक्याचं नाव मथळ्यात छापलेलं आहे! मला तर वाचून हसू आलं, ब्रुसेल्सच्या लोकांना आपलं गिलकं माहीत.

हीच टोपली वळलेल्या दोरीची केली असती तर नंबर ५६०९ झाला असता, म्हणजे दोरी-सुतापासून केलेल्या वस्तू. तेव्हा बिल लिहिणाऱ्या बाईने करणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारलाच पाहिजे: वाख कातला होता की तसाच घेतला? मी मोबाइलला विचारलं, ताईंना नाही.

शिंदीच्या पानांची केरसुणी वेगळीच, ९६०३ मध्ये, झाडू-ब्रशांबरोबर. आणि गोधडी? आतबाहेर सगळं कापड, तरी ती कापडाच्या प्रकरणात नाही. ९४०४ मध्ये, गाद्या-उशांच्या ओळीत, आणि २०२२ च्या यादीपासून गोधडी-रजईसाठी ९४०४ ४० असं वेगळं घर दिलंय.

पोतं आणि पिशवी

उमराण्याला कांदा मार्केटला गेलात तर दोन्ही प्रकारची पोती दिसतील, तागाची गोणी आणि लाल जाळीची प्लॅस्टिकची. माल भरायची पोती म्हणून दोघी ६३०५ मध्ये. तागाची ६३०५ १०, सुती ६३०५ २०, प्लॅस्टिकच्या पट्टीची ६३०५ ३३. पण त्याच तागाच्या कापडाला कडी, अस्तर, चेन लावून खांद्याला अडकवायची पिशवी केली की ती पोतं राहत नाही, ४२०२ मध्ये जाते. आपले तीन गट पिशव्या शिवतात, त्यांनी हे वहीत लिहून ठेवा. बिलात "ज्यूट बॅग" एवढंच लिहिलं तर समोरचा माणूस दोन्हीपैकी काहीही समजू शकतो. "तागाच्या कापडाची हातपिशवी, अस्तरासह" असं लिहा.

अर्ध सूत, अर्धा ताग असलेलं कापड आलं तर? ज्याचं वजन जास्त त्याचं नाव. साठ टक्के कापूस, चाळीस टक्के ताग, तर ते कापूस समजायचं. अगदी बरोबर निम्मं-निम्मं भरलं तर यादीत ज्याचा आकडा पुढे येतो ते. कापूस ५२, ताग ५३, म्हणून ताग. व्यापाऱ्याने "ज्यूट कॉटन" म्हणून कापड दिलं तर त्याला टक्केवारी लिहून मागा. तोंडी सांगितलेलं बिलात चालत नाही.

"बांबूचं कापड" म्हणून मऊ टॉवेल, मोजे विकायला येतात, तेही सांगून टाकते. बहुतेक वेळा बांबूचा लगदा रसायनात विरघळवून त्याचा धागा ओढलेला असतो, म्हणजे व्हिस्कोस. या यादीत तो वनस्पती तंतू नाहीच, मानवनिर्मित तंतूंच्या प्रकरणांत, ५४ किंवा ५५ मध्ये जातो. प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर "शंभर टक्के नैसर्गिक" अशी पाटी दिसली तरी आपण तसं लिहू नये.

एवढ्याशा आकड्याने काय होतं

तुम्ही म्हणाल, ताई, बिलाचं ठीक आहे, पण खरंच एवढा फरक पडतो का? दोन गोष्टी सांगते, दोन्ही देशपातळीवरच्या.

५ जानेवारी २०१७ ला भारत सरकारने बांगलादेश आणि नेपाळमधून येणारं तागाचं सूत, हेशियन कापड आणि तागाची पोती यांवर जादा शुल्क बसवलं. तिथला माल इथल्या भावापेक्षा पाडून येतो, अशी आपल्या तागउद्योगाची तक्रार होती. झालं काय, तर पोत्यावर शुल्क बसलं पण पोत्याचं जाडं कापड मोकळं राहिलं. मग ते कापड आणायचं आणि इकडे शिवायचं सुरू झालं. पोतं म्हटलं की शुल्क, न शिवलेलं कापड म्हटलं की नाही! चौकशी होऊन २०१९ मध्ये बांगलादेशच्या त्या कापडावरही शुल्क लागलं. एका शिलाईचा फरक, आणि त्यासाठी दोन वर्षांची कागदपत्रं.

दुसरी गोष्ट कापसाची, ती तर मालेगाव-खानदेशच्या घरांत पोचते. ५२०१ या एका आकड्यावर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या रुईवर, २०२१ च्या अर्थसंकल्पात सगळं मिळून ११ टक्के शुल्क लागलं. १४ एप्रिल २०२२ पासून ऑक्टोबरपर्यंत ते माफ केलं. २० फेब्रुवारी २०२४ पासून ३२ मिलिमीटरपेक्षा लांब धाग्याच्या कापसाला माफ केलं, म्हणजे आकड्याच्या आत लांबीची आणखी एक भिंत घातली. आणि १९ ऑगस्ट २०२५ पासून आधी ३० सप्टेंबर आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत सगळ्याच रुईला माफी दिली. सूतगिरण्यांना ते हवं होतं, कपडे शिवणाऱ्या कारखान्यांना हवं होतं. पण आपल्या शेतातली पहिली वेचणी बाजारात यायची वेळ तीच होती. भाव पडला की घरात आवाज वाढतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. कोण बरोबर, यावर मी इथे बोलत नाही. पेपरात "५२०१" दिसलं तर तो आपला विषय आहे, एवढं ओळखा.

जीएसटीतही असंच. ५३०५ हा एकच आकडा, पण त्यातल्या नारळाच्या काथ्याला कर शून्य आणि इतर तंतूंना ५ टक्के. कच्च्या, न कातलेल्या तागालाही शून्य. म्हणून नुसता आकडा पुरत नाही, शेजारी वस्तूचं वर्णनही स्पष्ट लागतं. दर सरकार बदलत असतं, २०२५ च्या सप्टेंबरात बरेच बदलले. त्यामुळे दरासाठी मागच्या वर्षीचं बिल बघून उतरवू नका.

आपल्याला किती लागतं

महाराष्ट्रात नुसत्या वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटीची नोंदणीच लागत नाही. म्हणजे गावच्या बाजारात टोपली विकणाऱ्या ताईंनी आकड्याची काळजी करू नये. नोंदणी असलेल्यांची उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर चार आकडे पुरतात, तेही १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचे. महासंघ यात बसतो. त्याच्या वर सहा.

माल परदेशी पाठवायचा तर मात्र आठही आकडे लागतात. हे स्वप्न नाही, टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रं सुरू केलीत, तिथून पार्सलने निर्यात करता येते. त्यासाठी आयात-निर्यात क्रमांक लागतो, त्याचा अर्ज ऑनलाइन होतो आणि फी ५०० रुपये आहे. परदेशात पहिली विचारणा झाली की उत्साहात लगेच पार्सल बांधू नका. आधी वस्तू हातात घेऊन, कशापासून, कातलेलं की न कातलेलं, कशासाठी वापरायची, किती टक्के काय, हे चार ओळींत लिहा. तो कागद सीएकडे न्या आणि आठ आकडे त्यांच्याकडून लिहून घ्या. मोठी ऑर्डर असेल आणि दोन आकड्यांत वाद वाटत असेल तर सीमाशुल्क खात्याकडे माल पाठवण्याआधीच निवाडा मागता येतो, त्यासाठी मुंबईत प्राधिकरण आहे. आपल्याला अजून ती वेळ आली नाही.

आता अभ्यास. पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक गटाने आपली एक वस्तू आणि तिचं शेवटचं बिल आणायचं आहे. वस्तू मध्ये ठेवायची, बिल झाकून ठेवायचं. आधी सगळ्यांनी मिळून आकडा ठरवायचा, मग बिल उघडायचं. लिहिता न येणाऱ्या मावशींनाच पहिल्यांदा बोलू द्या. वस्तू त्यांनी केली आहे, कातलं की नाही हे त्यांनाच माहीत. शिवाय ज्यांच्याकडे सुतळी किंवा दोरी आहे त्यांनी दहा मीटर मोजून आणावी, काटा मी आणते.

मागच्या आठवड्यात मी घायपाताची दोरी वळणाऱ्या एका मावशींकडे गेले होते. काटा पिशवीतच होता. दहा मीटर मोजली, गुंडाळी करून ठेवली, ३४ ग्रॅम. मी म्हटलं, मावशी, ही ५६०७. त्या म्हणाल्या, "असेल बाई. वीत मोजून सांग, किती लावू किंमत?"